कोठारवाडीचा थंड देव

आयुष्यभर मी तोफगोळे तपासले. पुण्याजवळच्या एका दारूगोळा कारखान्यात तपासनीस होतो. गोळा समोर घ्यायचा, माप लावायचं, भोक बघायचं आणि पास की नापास ते सांगायचं. एवढंच काम, पण चौतीस वर्षं. निवृत्त झाल्यावर हाताला काही उरलं नाही, तेव्हा मी घर तपासायला घेतलं. डाळीच्या डब्याचं झाकण सैल आहे, गॅसच्या नळीला भेग पडलीय, कुकरची शिटी वेळेआधी होते. चौथ्या महिन्यात बायको म्हणाली, "अहो, चार दिवस कुठंतरी जा बघू. मलाही जरा निवृत्त होऊ दे."

त्याच आठवड्यात पांडुरंगाचं पत्र आलं. हा आमच्या कारखान्यातला फिटर, माझ्याआधी दोन वर्षं रिटायर होऊन गावी गेलेला. गाव म्हणजे पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या अलीकडं डोंगरावर वीस-पंचवीस घरांची कोठारवाडी. लिहिलं होतं, "अण्णा, आमच्या कोठारबाचं नवं देऊळ बांधून झालं आहे. मार्गशीर्षी पौर्णिमेला देव आत बसवायचा आहे. देव सध्या बसतो तिथं जुनं दारूकोठार आहे. ते तुमच्यासारख्या माणसानं एकदा बघावं अशी फार इच्छा आहे." दारूकोठार हा शब्द वाचला आणि मी पिशवी भरायला घेतली. बायकोनं तिळाच्या वड्या इतक्या उत्साहानं करून दिल्या की मला जरा रागच आला.

महाड

वरंध घाटानं महाडला उतरलो. पावसाळा संपून दोन महिने झाले तरी शिवथरच्या खोऱ्यात हिरवं होतं, आणि कापलेल्या भाताचा वास एष्टीच्या खिडकीतून आत येत होता. आमच्याकडं पुण्याच्या बाजूला या दिवसांत सगळं पिवळं पडायला लागतं. महाडच्या स्टँडासमोर मिसळ खाल्ली. अशी झणझणीत की डोळ्यांतून पाणी आलं. त्या पाण्याच्या पडद्यामागूनच समोर लागलेल्या गाडीत चढून बसलो.

गाडी तुडीलची निघाली! पोलादपूरच्या बरोबर उलट्या दिशेची. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, पाटी वाचली नाय काय?" जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला हे कोणी विचारावं, आणि तेही भर गाडीत! तुडीलला उतरलो. परतीची गाडी दोन तासांनी होती. सावित्रीच्या काठी एक बाई अंगणात सुकट वाळवत होत्या. माझी कथा ऐकून त्या पोट धरून हसल्या आणि मग म्हणाल्या, "देवाला जातायसा ना? मग चुकूनमाकून तरी उपाशी जाऊ नये." तांदळाची भाकरी आणि कांदा घालून परतलेली सुकट पुढं आली. मिसळ पोटात असूनही मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. चुकलेल्या गाडीला मी आजही नावं ठेवत नाही.

कोठारवाडी

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलादपूरहून जीप रस्ता संपेपर्यंत नेते, तिथून पुढं चढण. न्यायला आलेला पांडुरंग माझी पिशवी घेऊन शेळीसारखा पुढं, आणि मी दर वळणावर दगडावर बसतोय. "आलीच वाडी, अण्णा," असं त्यानं पाच वेळा सांगितलं. सहाव्या वेळी मी म्हटलं, "पांडुरंगा, तुझ्या 'आलीच'वर माझा विश्वास नापास."

पण माळावर पोचलो आणि सगळी कुरकुर गळून पडली. चहूबाजूंनी डोंगरांच्या रांगा, मध्ये सपाट गवताळ माळ, त्यावर चरणाऱ्या म्हशी, आणि अशी शांतता की म्हशींच्या गळ्यातल्या लाकडी घंटा पार लांबून ऐकू येत होत्या. पांडुरंगाच्या घरी नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि लोटाभर ताक. ताक संपलं की विचारायचं नाही, पुन्हा भरलंच. वाढत होती पांडुरंगाची आत्या, भागीआत्या. सत्तरीची, काटक, जिभेनं तिखट. कोठारबाची पूजा तिच्या माहेरच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला, तेव्हा ती माहेरी परत आली, आणि तेव्हापासून रोज देवाला पाणी घालते आहे.

"तुमी बाँब करायचा कारखान्यात?" तिनं विचारलं.

"करत नव्हतो आत्या, तपासत होतो."

"म्हंजी काय, फुटल का नाय ते बघायचा?"

"तसंच काहीसं."

"आन फुटला तर?" असं म्हणून ती माझ्याकडं बघत राहिली. मी ताक प्यायलो.

दुपारी आम्ही तिघं कोठाराकडं निघालो. वाडीपासून हाकेच्या अंतरावर एक उभा दगड आहे. तिथं आत्या थांबली. कमरेचा कोयता काढून दगडाशी ठेवला, पायांतल्या वहाणा सोडल्या आणि माझ्यापुढं हात पसरला. "काडीपेटी."

"मी विडी ओढत नाही हो."

"नसंल वडत. खिशात हाय का ते इचारत्ये."

खिशात खरंच होती. प्रवासात दिवे जातात म्हणून बायकोनं घातलेली. मी निमूट काढून दिली. माझ्या बुटांच्या तळाला खिळे होते, तेही काढायला लावले. दगडाच्या पुढं कोणी विस्तव नेत नाही, लोखंड नेत नाही, खिळ्यांचं पायताण घालून जात नाही. देवाला दिवा नाही, उदबत्ती नाही, कापूर नाही. ओवाळायचं झालं तर इथूनच, दगडाच्या अलीकडून. कोठारबा थंड देव. त्याला फक्त पाणी, दुर्वा आणि तेल-शेंदूर चालतो.

मी तिथंच अनवाणी उभा राहिलो आणि माझ्या अंगावर काटा आला. अहो, ही तर आमच्या कारखान्याच्या गेटवरची पाटी! काडेपेटी जमा करा, खिळ्यांचे बूट काढा, लोखंडी हत्यार आत नेऊ नका. पांडुरंग आणि मी वर्षानुवर्षं रोज सकाळी हेच करत होतो. मी त्याच्याकडं पाहिलं. तो हसत होता. "म्हणून तर बोलावलं तुम्हाला," तो म्हणाला. "मी कारखान्यात पहिल्या दिवशी गेलो ना अण्णा, तेव्हा मला वाटलं, इथं पण आमचाच देव हाय."

कोठार आता चार भिंतींपुरतंच उरलं आहे. पण काय भिंती! हातभर नव्हेत, चांगल्या दोन हात जाड. एकही खिडकी नाही. वारा यावा म्हणून झरोके आहेत, तेही आत वाकडे वळवलेले, म्हणजे बाहेरून ठिणगी उडालीच तर सरळ आत जाऊ नये. छप्पर मुद्दाम हलकं असणार, कारण त्याचा मागमूस नाही. स्फोट झाला तर जोर वर निघून जावा, भिंती फोडून शेजारच्या वस्तीवर येऊ नये, हा त्यातला हिशेब. मागं झऱ्याचं पाणी अडवून केलेलं दगडी कुंड. ज्यानं हे बांधलं त्याच्या कामावर मी तिथल्या तिथं पासचा शिक्का मारला असता.

कागदोपत्री इतिहास मला कुठं सापडला नाही, वाडीत सांगतात तेवढाच. घाटाच्या वाटांवर पहारा असायचा, त्या चौक्यांना इथून दारू आणि गोळे जायचे. वाडीचे पूर्वज कोठाराचे राखणदार. मग इंग्रजांनी गड घेतले तेव्हा त्यांची माणसं इथंही आली. दारूची पिंपं फोडून कुंडात ओतली, गोळे गाढवांवर लादून नेले. आत्या सांगते की वर्षभर त्या कुंडाला गुरं तोंड लावत नव्हती. कोठार रिकामं झालं, पगार बंद झाला, पण राखणदारांना कोणी "आता राखू नका" असं सांगितलं नाही. ते राखतच राहिले. एक गोळा कुठल्याशा कोपऱ्यात मागं राहिला होता, तोच त्यांचा कोठारबा झाला.

तो गोळा भिंतीच्या सावलीत ओल्या दगडावर बसलेला. मोठ्या नारळाएवढा, शेंदराच्या थरांवर थर चढून लालभडक. आत्यानं पाणी घातलं, मी नमस्कार केला, आणि सवय वाईट, बोटं आपोआप फिरवून बघायला लागलो. वरच्या बाजूला शेंदराला एक खळगी होती. त्यात तेल साचून राहिलेलं. मी नखानं जरासं खरवडलं. नखाला लोखंड लागलं नाही. लाकूड लागलं.

माझा हात तिथंच थांबला.

भरीव गोळ्याला लाकडाचं बूच नसतं. बूच असतं ते पोकळ गोळ्याला, ज्याला जुने लोक कुलपी गोळा म्हणायचे. आत दारू भरायची, भोकात वातीचं लाकडी बूच ठोकायचं, गरनाळेतून, म्हणजे आखूड तोफेतून, उडवायचं, पडला की फुटतो. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर काय, दोनशे वर्षांनीही पेट घेते. आणि याच्यावर तर या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदराचा लेप देऊन पाणी आत जाण्याची वाटच बुजवून टाकली होती. रोज वरून पाणी ओतत होते आणि दारू आत कोरडीठाक.

"काय झालं अण्णा?" पांडुरंगानं विचारलं. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. ऐकता ऐकता तो मटकन खालीच बसला. मला वाटलं, घाबरला. पण त्याचं कारण वेगळंच होतं. "उद्या सकाळी सुरेश शेंदूर काढणार हाय," तो म्हणाला. "ब्लो लॅम्पनं."

सुरेश म्हणजे पांडुरंगाचा पुतण्या, भांडुपला गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं काम करणारा, आणि वाडीच्या मुंबईकर मंडळाचा अध्यक्ष. नवं देऊळ याच मंडळानं बांधलेलं, टाइल्स लावून, झकास. देवासाठी त्यांनी पितळेचा मुखवटा घडवून आणला होता. पण शेंदराच्या थरांमुळं मुखवटा बसत नव्हता. तेव्हा सुरेशनं धंद्यातला उपाय काढला: जुना रंग जाळून काढतात तसा शेंदूर जाळून काढायचा. थंड देवाला विस्तव चालत नाही म्हणून आत्यानं आठ दिवस भांडण केलं होतं. मंडळानं ते अडाणीपणात जमा केलं.

मारुतीच्या पारावर

दुपारीच सगळे मारुतीच्या पारावर जमले. मी जमेल तितकं साधं करून सांगितलं. सुरेश पस्तिशीचा, पिळदार, मनानं साफ माणूस. तो हसला. "अंकल, टेन्शन नका घेऊ. दोनशे वर्षांचा माल, कबका एक्स्पायर झाला."

"एक्स्पायर तू होशील गाढवा!" माझा आवाज चढला. "तू आणि तुझ्या बाजूला उभे असतील ते सगळे. लोखंडाच्या चिपा वाडीपर्यंत येतील."

मग मागून कोणीतरी विचारलं, "मंग करायचा काय आता?"

नियम मला पाठ होता. चौतीस वर्षं तोच पाळला. असा जिवंत गोळा सापडला की हात लावायचा नाही, पोलिसांना कळवायचं. मी तसं सांगितलं.

भागीआत्या पायरीवर बसली होती. "पोलीस येतील. मंग?"

"त्यांची जाणकार माणसं येतील."

"आन नेतील?"

"नेतील."

"परत आणून देतील का वो?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही आत्या," मी म्हटलं. "लांब माळावर नेऊन उडवून देतील."

ती ओरडली नाही, ते फार जड गेलं मला. नुसती म्हणाली, "पावनं म्हणून आलात. आमच्या घरचं ताक प्यालात. आन आमचा देव फोडायला सांगताय." पदर डोळ्याला लावून तिथंच बसून राहिली. बाकीच्यांनी मात्र मला चांगलंच सुनावलं. कोणी म्हणालं, एवढी वर्षं काय झालं नाय तर आता काय होतंय. कोणी म्हणालं, शहरातल्या माणसाला बोलवलंच कशाला. पांडुरंग माझ्या बाजूनं बोलायला उठला तर त्यालाही बसवलं. एका बाजूला पंचवीस घरांचे जीव, दुसऱ्या बाजूला त्यांचा देव, आणि मधे मी मोठा शहाणा. त्या क्षणी वाटलं, तुडीलच्या गाडीत बसलो होतो तेच बरं होतं, तिथंच राहायला हवं होतं.

मग आत्याच बोलली. कोणाशी असं नाही, स्वतःशीच. "पाऊस नाय झाला तर आमी देव पाण्यात घालतो. साकडं पडलं की पाण्यात. येवढं मोठं साकडं कधी पडलं होतं?"

मी ताडकन उभा राहिलो. पाण्यात! काळ्या दारूतला सोरा पाण्यात विरघळतो. सोरा गेला की उरतो नुसता कोळसा आणि गंधक, फुटण्याचं बळ संपतं. मुद्दा एवढाच की पाणी आत शिरलं पाहिजे. वरून ओतून ते शिरत नाही, पण बुचाभोवतीचा लेप लाकडी काटकीनं अलगद मोकळा केला आणि गोळा वाहत्या कुंडात बुडवून ठेवला, तर महिन्या-दोन महिन्यांत बूच सडून फुगेल, पाणी झिरपेल. इंग्रजांच्या त्या माणसांनी पिंपं ओतली होती तीही याच कुंडात, आणि याच कारणानं.

मी ते सांगितलं आणि वर माझी अटही घातली: शिमग्यापर्यंत देव पाण्यातच राहील, मुखवटा तोवर थांबेल, आणि मी स्वतः परत येऊन तपासल्याशिवाय कोणी हात लावणार नाही. वाचकहो, हे नियमात बसत नाही. असं काही तुम्हाला सापडलं तर सरळ पोलिसांना कळवा, माझं उदाहरण देऊ नका. नोकरीत मी एकही नियम मोडला नाही. हा एक मोडला, तोही पेन्शनीत.

सगळे कबूल झाले. आता प्रश्न राहिला, उचलायचा कोणी. लोखंड दगडावर आपटलं आणि ठिणगी पडली तर संपलं. आत्या उठली. "आमच्या घरचा देव, मी उचलत्ये."

"तुला उचलणार नाय तो," सुरेश म्हणाला. तोवर तो एका बाजूला मान खाली घालून उभा होता. त्यानं हातातलं स्टीलचं कडं काढलं, घड्याळ काढलं, कमरेचा पट्टा सोडला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "अंकल, कसा धरायचा ते सांगा. बाकीच्यांना मागं पाठवा."

कोठारात जाऊन मी काटकीनं लेप मोकळा केला. लेपावर लेप, पापुद्र्यामागून पापुद्रा. घामानं डोळे चुरचुरत होते. ओलं गोणपाट खाली सरकवून त्याच्या झोळीत गोळा घेतला. एक टोक सुरेशच्या हातात, एक माझ्या. पन्नास-साठ पावलं होती. अनवाणी पायांना प्रत्येक खडा कळत होता. सुरेश हळू आवाजात पावलं मोजत होता, आणि मला माझ्या गुडघ्यांचा आवाज ऐकू येत होता. मागं, दगडाच्या पलीकडं, सगळी वाडी उभी. कोणी देवाचं नावही घेत नव्हतं, कोणी खोकत नव्हतं.

कुंडाच्या काठाशी बसून झोळी पाण्यात सोडली. शेंदूर पाण्यात लाल दिसला आणि खाली गेला. मग त्या खळगीतून एक बुडबुडा वर आला. त्यामागून दुसरा. मी सुरेशचा हात घट्ट धरला. "चाललं रे आत," मी म्हटलं, "पाणी आत चाललं." तो वाकून तिसऱ्या बुडबुड्याची वाट बघत राहिला.

पुन्हा, शिमग्याच्या आधी

तीन महिने मी घरात नीट जेवलो नाही. बायको म्हणाली, "तुम्हाला पाठवलं विश्रांतीला आणि आणलंत काय तर दुसऱ्याच्या देवाची काळजी." दर आठवड्याला पांडुरंग पोलादपूरला उतरून एसटीडी बूथवरून फोन करायचा: "पाणी वाहतंय. देव हाय." होळीच्या चार दिवस आधी मी पुन्हा महाडला उतरलो. या वेळी पाटी दोनदा वाचली.

बूच बोटांनी निघालं. भिजलेल्या पावासारखं झालेलं. आम्ही गोळा कुंडात तसाच तिरपा केला, आणि भोकातून काळं पाणी बाहेर यायला लागलं. घट्ट, शाईसारखं, गंधकाचा वास असलेलं. येतच राहिलं. सुरेश मुंबईहून त्यासाठी आला होता. तो ओंजळीनं पाणी आत घालायचा, मी तिरपा करायचो, पुन्हा काळं. अर्धं-पाऊण शेर तरी दारू असेल. शेवटी पाणी स्वच्छ आलं तेव्हा दुपार कलली होती.

शेंदराचे भिजून सुटलेले पापुद्रे काढून मी गोळा पंचानं पुसला आणि मला एकदम वाईट वाटायला लागलं. आता माझ्या हातात एक पोकळ, गंजकं लोखंड होतं. मी यांचा जीव वाचवला असेन, पण देव? मंडळातला एकजण म्हणालाच, "आता आत काय नाय तर संगमरवरी मूर्ती आणूया." सुरेशनं त्याच्याकडं असं बघितलं की तो पुढं बोलला नाही.

भागीआत्या कुंडाच्या काठावर बसून एवढा वेळ ते काळं पाणी वाहताना बघत होती. मी तिच्यापुढं गोळा धरला. "आत्या, माफ करा. आता हा रिकामा आहे."

तिनं तो माझ्या हातातून घेतला, मांडीवर ठेवला, आणि लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यावरून हात फिरवला.

"येवढं पोटात घेऊन बसला व्हता," ती म्हणाली. "माझ्या बापाच्या वक्ती, आज्याच्या वक्ती. एकदा जरी तोंड उघडला असता तर आमी कोणीच नसतो. नाय उघडला." "आन तुमी मला इचारता, देव हाय का म्हणून?"

मी तसं विचारलं नव्हतं, पण मनात तेच होतं आणि तिनं ते ओळखलं होतं. चौतीस वर्षं मी गोळ्यांना पास-नापास करत आलो. त्या दुपारी, ओल्या धोतरानं, कुंडाच्या काठावर मी त्या गोळ्यासमोर डोकं टेकवलं, आणि बराच वेळ मला ते उचलता आलं नाही.